चित्रगतीचा दोष आणि त्याची परीक्षा

संगणकावरील खेळ हा विषय या सदरांत यावा काय, अशी शंका कांहीं वडीलधाऱ्या वाचकांस येईल. शंका रास्त आहे. परंतु आमच्या नौपाड्यांतील ज्या ज्या घरीं माझें जाणें-येणें आहे, त्यांपैकीं पुष्कळ घरीं हा विषय आतां पैशाचा आणि भांडणाचा होऊन बसला आहे. मुलगा म्हणतो, "खेळ अडखळतो, नवें कार्ड घ्या." वडील म्हणतात, "गेल्याच वर्षीं एवढे पैसे घातले, आतां एक पैहि मिळणार नाहीं." आजी म्हणते, "मुळांत तें खूळच घरांतून काढा." तिघांपैकीं कोणींहि यंत्राकडे नीट पाहिलेलें नसतें. ज्या वस्तूचा दोष सिद्ध झालेला नाहीं ती टाकून तीस-चाळीस हजार रुपयांची नवी आणणें जितकें अविचाराचें, तितकेंच मुलाची तक्रार न तपासतां केवळ हट्ट म्हणून झिडकारणें अन्यायाचें आहे. एकत्र कुटुंबांत पैसा सर्वांचा असतो, तसा एकमेकांवरील विश्वासहि सर्वांचाच असतो. आणि या प्रकरणांत दोहोंचाहि नाश होतांना मीं पाहिला आहे. खेळ खेळावा कीं न खेळावा, खेळावा तर किती वेळ, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरचा. येथें विचार करावयाचा तो एवढाच कीं, खेळांतील चित्रें अडखळूं लागलीं तर दोष कोठें आहे हें घरच्या घरीं कसें ओळखावें.

प्रथम शब्द समजून घेऊं. पडद्यावर हलणारें चित्र वस्तुतः हलत नसतें. निश्चल चित्रें एकामागून एक झरझर दाखविलीं, म्हणजे डोळा व मन मिळून त्यांतून गतीचा भास निर्माण करितात. एका सेकंदांत अशीं किती चित्रें दाखविलीं जातात त्या संख्येस मुलें 'फ्रेम-रेट' किंवा 'एफ्पीएस' म्हणतात. आपण तिला चित्रगति म्हणूं.

या चित्रगतीचा एक सुंदर धडा महाराष्ट्रांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच गिरविला गेला आहे. त्र्यंबकेश्वर येथें एका संस्कृत पंडिताच्या घरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके हे १९१२ सालीं विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, रोप वाढेल तसतशीं दिवसांमागून दिवस त्याचीं थोडथोडीं चित्रें घेतलीं, आणि तीं सलग दाखवून 'अंकुराची वाढ' हा लहानसा चित्रपट सिद्ध केला. कित्येक दिवसांची वाढ क्षणभरांत डोळ्यांपुढें उभी राहिली. यांतील मर्म असें कीं, चित्रें तयार होण्याची गति आणि चित्रें दाखविण्याची गति या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हें एक वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

३ मे १९१३ रोजीं फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ थिएटरांत लोकांपुढें आला. त्याची लांबी सुमारें ३,७०० फूट असल्याची नोंद आहे. त्या जातीच्या फिल्मच्या एका फुटांत १६ चित्रें मावतात; तेव्हां एकंदर चित्रें सुमारें ५९,२०० झालीं. त्या काळचे कॅमेरे हातानें दांडा फिरवून चालवीत. सेकंदास दोन फेरे आणि एका फेऱ्यास आठ चित्रें, म्हणजे सेकंदास सोळा, असा सर्वसाधारण हिशेब असे. या गतीनें ३,७०० फूट दाखविण्यास ३,७०० सेकंद, म्हणजे तासाहून दोन मिनिटें अधिक लागतील. तीच फिल्म सेकंदास चोवीस चित्रें या गतीनें सोडली तर एकेचाळीस मिनिटांत संपेल. चित्रें तींच, कथाहि तीच. परंतु स्मशानाकडे निघालेला राजा तुरुतुरु धांवूं लागेल आणि प्रेक्षकांस रडूं येण्याऐवजीं हंसूं येईल.

पुढें १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' झळकला आणि आपल्याकडे बोलपटाचें युग आलें. आवाज चित्राबरोबर बांधला गेल्यामुळें हाताचा दांडा कमीजास्त फिरवून चालेना. गति पालटली कीं स्वर पालटे. म्हणून सेकंदास चोवीस चित्रें हें प्रमाण पक्कें झालें. १९३२ सालीं प्रभात कंपनीनें हरिश्चंद्राचीच कथा 'अयोध्येचा राजा' या बोलपटाच्या रूपानें पुन्हां आणली, ती या नव्या शिस्तींत. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें. तेथें प्रमाण ठरलें सेकंदास पंचवीस चित्रांचें, कारण आपल्या घरांतील विजेचीं आवर्तनें पन्नास आणि पंचवीस हें त्याचें अर्ध. सारांश, चित्रगतीवर मर्यादा घालणें हा कांहीं संगणकाचा नवा खोडसाळपणा नव्हे. जेथें जेथें दोन यंत्रांचा मेळ बसवावयाचा असतो, तेथें तेथें मर्यादा येतेच.

आतां खेळाकडे वळूं. चित्रपटांतील चित्रें आधींच तयार होऊन डब्यांत भरलेलीं असतात. खेळांतील चित्रें तशीं नसतात. खेळणाऱ्यानें डावीकडे वळावें कीं उजवीकडे, हें आधीं ठाऊक नसल्यामुळें प्रत्येक चित्र त्याच क्षणीं नव्यानें काढावें लागतें. सेकंदास साठ चित्रें हवीं असतील तर एका चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. एकशें चव्वेचाळीस हवीं असतील तर सातांहूनहि कमी. एवढ्या अवकाशांत प्रोसेसर हा काय घडलें तें ठरवितो, ग्राफिक्स कार्ड तें रंगवितें, आणि मॉनिटर तें दाखवितो.

हा व्यवहार पंगतीसारखा आहे. प्रोसेसर हा कणीक मळून पुऱ्या लाटून देणारा, ग्राफिक्स कार्ड हा कढईवरचा तळणारा, आणि मॉनिटर हा ठराविक वेळानें फेरी घालणारा वाढपी. वाढपी मिनिटास एकच फेरी घालीत असेल, तर तळणाऱ्यानें कितीहि घाई केली तरी पानावर मिनिटास एकाहून अधिक वेळां पुरी पडणार नाहीं. उलट, घाणा निघावयास मिनिटाऐवजीं सवा मिनिट लागूं लागलें, तर वाढपी येऊन रिकाम्या हातानें परततो आणि पुरी दुसऱ्या फेरीस मिळते. उशीर पाव मिनिटाचा, परंतु पानावर अंतर पडलें दोन मिनिटांचें. खेळांत 'व्ही-सिंक' नांवाची एक सोय असते, ती हीच शिस्त लावते. ती नसेल तर अर्धें जुनें व अर्धें नवें चित्र एकदम दिसून पडदा फाटल्यासारखा भासतो. ती असेल तर चित्र अखंड राहतें, परंतु कित्येक खेळांत साठाची गति जराशी हुकली कीं एकदम तिसावर येते. मुलें म्हणतात, "कार्ड निम्म्यानें कमजोर झालें." प्रत्यक्षांत कार्डास एखादाच मिलिसेकंद कमी पडलेला असतो.

येथें परीक्षेची पहिली पायरी येते. चित्रगति 'मर्यादित' आहे कीं 'दुर्बल' आहे, हें आधीं ठरवावें. बहुतेक खेळांत कोपऱ्यांत चित्रगतीचा आंकडा दाखविण्याची सोय असते. तो आंकडा ३०, ६०, १२० अशा ठराविक संख्येवर खिळ्यासारखा ठोकलेला असेल, मोकळ्या मैदानाकडे पाहिलें काय किंवा गर्दीच्या बाजाराकडे पाहिलें काय, तो हलतच नसेल, तर कोणी तरी मर्यादा घातली आहे असें समजावें. आंकडा वरखालीं होत असेल, मैदानांत ७० व गर्दींत ३५ असा, तर यंत्राची शक्ति अपुरी पडते आहे. पहिल्या प्रकारांत एक रुपयाहि खर्च करावयाचा नसतो. दुसऱ्या प्रकारांतहि लगेच करावयाचा नसतो.

गोखले रस्त्यानजीकच्या एका घरीं अकरावींतील मुलाची तक्रार हीच होती. त्यासाठीं एकशें चव्वेचाळीस आवर्तनांचा मॉनिटर मुद्दाम आणलेला होता आणि तरी खेळ होता तसाच. दुकानदारानें सांगितलें, कार्ड जुनें झालें. वडिलांनीं आधींच मॉनिटरचे पैसे मोजलेले; त्यांचा संताप अनावर झाला, आणि मुलानें दोन दिवस अबोला धरला. मीं मुलाला विचारलें, "आंकडा साठाच्या खालीं कधीं येतो का रे?"

"नाहीं आजोबा, साठावरच ठाम असतो. लढाई चालू असली तरी साठच."

"मग कार्ड थकलें असें कशावरून म्हणतोस? थकलेला माणूस चढावर मंद होतो कीं नाहीं?"

मुलगा क्षणभर थांबला आणि त्यानेंच विंडोजच्या सेटिंग्ज उघडल्या. तेथें सिस्टीम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले अशा वाटेनें गेलें असतां मॉनिटरची आवर्तनसंख्या दिसते. नवा मॉनिटर जोडला तरी ती संख्या साठावरच राहिलेली होती, आणि खेळांत व्ही-सिंक चालू होतें. संख्या १४४ केल्याबरोबर आंकडा शंभराच्या आसपास खेळूं लागला. कार्ड तेंच, तारहि तीच. वडिलांनीं तो आंकडा स्वतः पाहिला, आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून ते बाहेर गेले. चाळीस हजार रुपये वांचले याचें मला समाधान झालें, परंतु त्या हाताचें अधिक झालें.

मर्यादा घालणारीं स्थळें थोडीं आहेत. तीं क्रमानें पाहावीं. एक, वर सांगितलेली मॉनिटरची आवर्तनसंख्या. दोन, खेळाच्या स्वतःच्या सेटिंग्जमधील व्ही-सिंक व 'फ्रेम-लिमिट'. तीन, ग्राफिक्स कार्डाबरोबर येणाऱ्या नियंत्रण-कार्यक्रमांतील मर्यादा. एन्व्हिडिया व एएमडी या दोहोंच्याहि कार्यक्रमांत ती असते, आणि मुलानें कधीं काळीं लावून ती विसरलेली असते. चार, लॅपटॉप असेल तर वीज. बॅटरीवर चालतांना पुष्कळ लॅपटॉप शक्ति राखण्यासाठीं चित्रगति मुद्दाम कमी ठेवितात. म्हणून परीक्षा नेहमीं चार्जर लावूनच करावी. पांच, तार. जुन्या जातीच्या एचडीएमआय तारेंतून किंवा जोडणींतून अतिसूक्ष्म, म्हणजे ज्याला 'फोर-के' म्हणतात तें, चित्र सेकंदास तीसच वेळां जाऊं शकतें. तेथें तार किंवा जोडणीची जागा बदलणें हाच उपाय.

साहावें स्थळ वेगळें सांगतों, कारण तें वरकरणीं हास्यास्पद वाटतें तरी वारंवार आढळतें. घरच्या मोठ्या संगणकाच्या पाठीमागें तार लावण्याच्या जागा पुष्कळदां दोन असतात. एक वरच्या बाजूस मदरबोर्डाची, दुसरी खालीं ग्राफिक्स कार्डाची. दिवाळीच्या साफसफाईंत तारा काढल्या जातात, आणि परत लावतांना मॉनिटरची तार वरच्या जागीं जाते. मग पस्तीस हजारांचें कार्ड आंत स्वस्थ बसतें, आणि प्रोसेसरमधील लहानसें चित्रयंत्र सारा भार ओढतें. नवें कार्ड मागण्यापूर्वीं वांकून पाठीमागें पाहावें.

आतां दुर्बल गतीचा विचार. येथें आपल्या जुन्या नैयायिकांची अन्वय-व्यतिरेक पद्धति फार उपयोगी पडते. एक गोष्ट असतां दुसरी असते, आणि ती नसतां दुसरीहि नसते, असें दोन्ही बाजूंनीं दिसलें म्हणजेच त्यांचा कार्यकारणसंबंध मानावा. त्यासाठीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. मुलें घाईनें दहा बटणें एकदम फिरवितात. मग सुधारणा झाली तरी कशानें झाली तें कळत नाहीं.

मुख्य प्रयोग असा. खेळांतील चित्राचें आकारमान, ज्याला 'रेझोल्यूशन' म्हणतात, तें एक पायरी कमी करावें व तीच जागा पुन्हां खेळून पाहावी. आंकडा चांगला वाढला तर तळणारा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, अपुरें पडत होतें. आंकडा जवळजवळ तसाच राहिला तर कार्ड मोकळेंच आहे, आणि खोळंबा लाटणाऱ्याकडे, म्हणजे प्रोसेसरकडे आहे. या दुसऱ्या स्थितींत नवें कार्ड आणणें म्हणजे लाटणारा एकच असतांना दुसरी कढई चढविणें होय. हा साधा प्रयोग न करितां लॅमिंग्टन रस्त्यावर जाऊन पैसे ओतणारीं माणसें मला ठाऊक आहेत.

प्रोसेसरवर भार कशाचा आहे हें 'टास्क मॅनेजर' उघडून पाहावें. आपल्या घरांत संगणक बहुधा एकच. त्यावर वडिलांची कचेरी, ताईचा वर्ग आणि भावाचा खेळ. ब्राउझरच्या तीस खिडक्या उघड्या, व्हायरस तपासणारा कार्यक्रम कामांत, आणि विंडोज पाठीमागें स्वतःला अद्ययावत करीत असते. तीं कामें बंद करून पुन्हां आंकडा पाहावा. स्वतंत्र कार्ड नसलेल्या संगणकांत रॅमची एकच पट्टी असेल, तर तितक्याच क्षमतेच्या दोन पट्ट्या घातल्यानें चित्रगति बरीच वाढते. कारण प्रोसेसरमधील चित्रयंत्र हीच रॅम वापरतें, आणि दोन वाटांनीं माल लवकर येतो. हा खर्च कार्डाच्या मानानें अल्प आहे.

दुसरा प्रयोग उष्णतेचा. पहिलीं दहा मिनिटें खेळ सुरळीत चालतो आणि मग अडखळूं लागतो, ही तक्रार असेल तर उष्णतेचाच संशय घ्यावा. यंत्र फार तापलें कीं स्वतःस जळण्यापासून वांचविण्यासाठीं आपण होऊन मंद होतें. ठाण्याचा एप्रिल-मे महिना, बंद खोली, आणि गादीवर ठेवलेला लॅपटॉप, ज्याचीं खालचीं श्वासछिद्रें चादरीनें बुजलेलीं. यांत यंत्राचा अपराध काय? लॅपटॉप कठीण पाटावर किंवा टेबलावर ठेवावा. मोठ्या संगणकाची वीज काढून, पंख्याचें पातें बोटानें धरून, मऊ कुंचल्यानें धूळ काढावी. पंखा मोकळा ठेवून वाऱ्याच्या झोतानें गरगरवूं नये. मोबाइलवर खेळणाऱ्यांसहि हेंच लागू. फोन चार्जिंगला लावून खेळला कीं दुहेरी तापतो, आणि बॅटरी राखण्याचा पर्याय चालू असेल तर पडद्याची गति फोन स्वतःच कमी करितो.

दोन भ्रम येथेंच दूर करावेत. पहिला, 'लॅग' या शब्दाचा. चित्रगतीचा आंकडा स्थिर आहे, परंतु इतर खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागीं उड्या मारतांना दिसतात, तर तो दोष इंटरनेटचा. कार्डानें तो जाणार नाहीं. दुसरा भ्रम सरासरीचा. वर्गांत सरासरी साठ गुणांचा मुलगा गणितांत नापास असूं शकतो. तसें चित्रगतीची सरासरी साठ असूनहि मधून मधून एखादें चित्र दहापट उशिरां येत असेल, तर खेळ खुडखुडतच राहतो. म्हणून सरासरीपेक्षां सर्वांत वाईट क्षणाकडे लक्ष द्यावें. आणि एका शितावरून भाताची परीक्षा येथें करूं नये, दोन-तीन निरनिराळे खेळ लावून पाहावे.

कांहीं खेळांत मर्यादा रचनाकारांनींच घातलेली असते, ती दोष म्हणून काढावयास जाऊं नये. २०२२ सालचा 'एल्डन रिंग' संगणकावर साठाच्या वर जात नाहीं. २०११ सालच्या 'स्कायरिम'मध्यें मर्यादा उठविली तर भांडीं टेबलावरून आपोआप उडूं लागतात, कारण त्यांतील पदार्थांची हालचाल चित्रगतीशीं बांधलेली आहे. हरिश्चंद्र तुरुतुरु धांवूं लागतो तो हाच प्रकार. याचें एक मौजेचें उदाहरण १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी खेळाचें. शत्रु पुष्कळ असतांना यंत्रास तीं सर्व चित्रें काढतां काढतां उशीर होई. शत्रु मरूं लागले कीं भार हलका होऊन उरलेले अधिक वेगानें चालून येत. यंत्राचें दौर्बल्यच खेळाची रंगत झालें.

एवढ्या सर्व परीक्षेनंतर कार्डच अपुरें ठरलें तर? तरीहि प्रथम सावल्या आणि प्रतिबिंबें यांची बारकाई कमी करावी. तीं फार शक्ति खातात आणि खेळतांना डोळ्यास फारशीं जाणवत नाहींत. त्यानेंहि भागलें नाहीं तर मग खरेदीचा विचार. त्या वेळीं मॉनिटर साठाचा असेल तर एकशें वीस चित्रें काढणाऱ्या कार्डाचा लाभ डोळ्यांस दिसणार नाहीं, खेळाचा प्रतिसाद तेवढा किंचित् शीघ्र होईल. आणि जुन्या संगणकाचा वीज-पुरवठा करणारा डबा नव्या कार्डास पुरेल कीं नाहीं, हें आधीं विचारून घ्यावें.

माझी सूचना अशी आहे कीं, तक्रार आली म्हणजे घरांतील मोठ्या माणसानें मुलास एक वही द्यावी. तींत तारीख, खेळ, जागा, काय बदललें व आंकडा किती, हे पांच रकाने आंखावे. आठ दिवस मुलानें नोंद करावी आणि रविवारीं वडिलांनीं त्याच्याशेजारीं बसून ती वाचावी. नोंदींवरून खर्च योग्य ठरला तर कुरकुर न करितां करावा. योग्य न ठरला तर मुलास तें त्याच्याच वहींतून दाखवितां येतें, आवाज चढवावा लागत नाहीं. आणि वहीं भरण्याचा कंटाळा करणाऱ्या मुलाची गरज किती खरी होती, तेंहि आठ दिवसांत कळून येतें.

इन्व्हर्टर व त्याची बॅटरी यांसंबंधीं आलेल्या प्रश्नांचा विचार पुढील अंकीं करूं.